गाडी दुरुस्त कोण करणार, हिशेब कोण उघडणार?

क्षेत्रफळानं अहिल्यानगर, म्हणजे बोलण्यातलं ‘नगर’, हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. सतरा हजार चौरस किलोमीटरहून अधिक पसारा आणि चौदा तालुके. पश्चिमेला अकोले तालुक्याचे डोंगर, उत्तरेला प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांखालचा ऊसपट्टा, दक्षिणेला पाथर्डी, कर्जत आणि जामखेडचा कोरडवाहू भाग. या अंतरांवर छोटा धंदा करणाऱ्या माणसाला दोन यंत्रांवाचून गत्यंतर नसतं. एक दुचाकी आणि दुसरं हिशेबाचं यंत्र, मग तो टेबलावरचा संगणक असो, लॅपटॉप असो की खिशातला मोबाइल. दूध गोळा करणारा, शेती औषधांचा दुकानदार, किराणावाला, आठवडे बाजार फिरणारा कापडविक्रेता, आडतीवरचा दिवाणजी अशा सगळ्यांचं या दोन्हींबद्दल ठाम मत असतं. ही मतं अनुभवातून आलेली असतात आणि एकमेकांच्या विरुद्धही असतात.

गाडीची चर्चा गॅरेजच्या बाकड्यावर होते आणि संगणकाची कर सल्लागाराच्या कार्यालयात, त्यामुळे दोन्हींचा विचार सहसा एकत्र होत नाही. पण दोन्ही ठिकाणी वादाच्या मुळाशी एकच प्रश्न सापडतो. यंत्र अडलं तर ते किती जवळ, किती वेळात आणि कोणाच्या हातून पुन्हा चालू होईल? या लेखात दोन्ही वादांकडे याच प्रश्नाच्या अंगानं पाहिलं आहे.

लूनापासून शंभर सीसीपर्यंत

दुचाकीच्या इतिहासात नगरचं स्थान फक्त ग्राहकाचं नाही. मूळच्या नगरच्या फिरोदिया घराण्यातले हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं १९७२ साली लूना बाजारात आणली. पुढे वर्षानुवर्षं ती नगरच्या कारखान्यात बनत राहिली. पन्नास सीसीचं इंजिन, पायडल आणि सायकलीच्या दुकानदारालाही उघडता येईल अशी साधी रचना. त्या काळी स्कूटरसाठी नोंदणी करून वर्षानुवर्षं थांबावं लागे. अशा वेळी शिक्षक, पोस्टमन, विमा एजंट आणि दूधवाले लूनावर बसले. राजदूत, येझदी आणि बुलेट या गाड्या होत्या, पण त्या बागायतदाराच्या दारात शोभणाऱ्या. छोट्या धंद्याच्या हिशेबात त्यांचं पेट्रोल बसत नव्हतं.

हे चित्र १९८४-८५ च्या सुमारास पालटलं. जपानी कंपन्यांशी भागीदारी करून शंभर सीसीच्या चार-स्ट्रोक आणि दोन-स्ट्रोक मोटारसायकली आल्या. १९८५ च्या हिरो होंडा सीडी १०० नं ‘ॲव्हरेज’ हा गाडी निवडण्याचा पहिला निकष करून टाकला आणि १९९४ च्या स्प्लेंडरनं तो पक्का केला. त्याच काळात बजाजची एम-८० ओझ्याची गाडी म्हणून गावोगाव रुळली. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, मागे पेंडीचं पोतं आणि वर माणूस. आज ती जागा बऱ्याच अंशी टीव्हीएसच्या एक्सएल १०० नं घेतली आहे. एमएच १६ आणि एमएच १७ या दोन्ही नोंदणी क्रमांकांच्या भागांत पहाटे दूध संकलन केंद्राबाहेर उभं राहिलं, तर हा सगळा वंशवृक्ष आजही एका रांगेत दिसतो.

ओझ्याची गाडी की अंतराची?

दुचाकीबद्दलच्या मतांचे ढोबळमानानं दोन गट पडतात. एका गटाला ओझं महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या मते मोपेडचं सपाट पाऊलदान, बुटकी सीट आणि पुढे सामान ठेवायला मिळणारी मोकळी जागा यांना पर्याय नाही. गिअर नसल्यामुळे घरातलं कुणीही ती चालवतं, पडली तरी फारसं मोडत नाही आणि पुन्हा विकताना किंमतही फारशी उतरत नाही. दुसरा गट अंतर पाहतो. शेवगावहून नगरच्या मार्केट यार्डला किंवा जामखेडहून जिल्ह्याच्या ठिकाणी रोज जाणाऱ्याला मोपेडवर पाठ आणि वेळ दोन्ही गमवावं लागतं. त्याला शंभर ते सव्वाशे सीसीची मोटारसायकलच परवडते.

दोन्ही गटांचं म्हणणं खरं आहे, कारण दोघांचा धंदा वेगळा आहे. अडचण येते ती एकच गाडी दोन्ही कामांना वापरावी लागते तेव्हा, आणि छोट्या धंद्यात बहुधा तसंच होतं. स्प्लेंडरला लोखंडी कॅरियर लावून चाळीस-चाळीस लिटरचे दोन कॅन अडकवले की मागचे शॉकॲब्सॉर्बर, चाकाच्या तारा आणि बेअरिंग वेळेआधी जातात. कंपनीनं सांगितलेल्या वजनाच्या मर्यादेचा विचार तिथे कुणी करत नाही. अपघाताच्या आणि विम्याच्या दृष्टीनं तो करायला हवा, असं मला वाटतं. १ एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची व्यवस्था सक्तीची झाली. मात्र ब्रेक कितीही चांगला असला, तरी मागे ठरल्यापेक्षा जास्त वजन असेल तर गाडी थांबायला जास्तच अंतर लागतं.

कार्ब्युरेटर आणि इंजेक्टर

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले आणि शंभर सीसीच्या गाड्यांमध्येही कार्ब्युरेटरच्या जागी इलेक्ट्रॉनिक इंधन-इंजेक्शन आलं. दुचाकीच्या चर्चेत सर्वांत तीव्र मतभेद आज इथे आहेत.

जुन्या पद्धतीच्या बाजूनं बोलणारे म्हणतात की कार्ब्युरेटर रस्त्याकडेलाही उघडता येतो. जेट तुंबला तर फुंकर मारून साफ होतो, प्लग काळा पडला तर घासून बसवता येतो आणि बॅटरी मेली तरी किकवर काम भागतं. इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी पूर्ण बसली की इंधनपंपाला पुरेसा विद्युतदाब मिळत नाही, मग किक मारत राहिलं तरी गाडी सुरू होईलच असं नाही. सेन्सर बिघडला तर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. तो का लागला हे कळायला स्कॅनर लागतो आणि स्कॅनर तालुक्याच्या शोरूममध्ये. पहाटेचा रतीब चुकला तर दूध नासतं. अशा माणसाला ‘उद्या अकराला घेऊन या’ हे उत्तर परवडत नाही.

नव्याच्या बाजूचं म्हणणंही तितकंच वजनदार आहे. थंडीत गाडी पहिल्या फटक्याला सुरू होते, चोक ओढत बसावं लागत नाही, पेट्रोल मोजून जळतं आणि धूर कमी होतो. मुळात बिघाडच कमी होतात. कार्ब्युरेटर रस्त्यात दुरुस्त होत असेल, पण तो रस्त्यात दुरुस्त करायची वेळही वरचेवर येत असे. गावातले तरुण फिटर आता मोबाइलला जोडायचे स्वस्त स्कॅनर वापरू लागले आहेत. एप्रिल २०२३ पासून दुचाकींमध्ये बिघाड स्वतः ओळखण्याची ‘ओबीडी-२’ व्यवस्था टप्प्याटप्प्यानं सक्तीची होत गेल्यामुळे बिघाडाचे संकेतही एकसारखे होत आहेत.

माझा कल नव्याकडे आहे, पण एका अटीवर. गावापासून पंधरा-वीस किलोमीटरच्या आत स्कॅनर असलेला आणि तो वाचता येणारा कारागीर हवा. नसेल तर चांगल्या अवस्थेतली जुनी कार्ब्युरेटरची गाडी पत्करणाऱ्याला मागास म्हणता येणार नाही. त्याचं गणित बरोबर आहे.

उसाचं पेट्रोल

इंधनाच्या प्रश्नात नगर जिल्हा दोन्ही बाजूंनी गुंतलेला आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशातले पहिले प्रयोग २००१ साली झाले. त्यांतल्या तीन ठिकाणांपैकी मिरज आणि मनमाड ही दोन महाराष्ट्रातली, आणि मनमाड तर कोपरगावपासून जवळच. १० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट २०२२ च्या जूनमध्ये गाठलं गेलं. २० टक्क्यांची मुदत मूळची २०३० होती, ती २०२५ वर आणली गेली आणि आता बहुतेक पंपांवर तेच पेट्रोल मिळतं. प्रवरेच्या आणि गोदावरीच्या काठच्या कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या त्यावर चालतात, म्हणजे उसाच्या दराचा एक धागा पंपाच्या नळीपर्यंत जातो. २०२३ च्या डिसेंबरमध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली. ती पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये उठेपर्यंत कारखानदारांच्या बैठकांत दुसरा विषय नव्हता.

गाडीवाल्यांची तक्रार ॲव्हरेजची आहे, आणि तिला आधार आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या रचनेच्या दुचाकींचं ॲव्हरेज २० टक्के मिश्रणावर ३ ते ४ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिला होता. साठ किलोमीटर देणारी गाडी अठ्ठावन्न देईल, असा त्याचा अर्थ. ‘ॲव्हरेज निम्मं झालं’ असं कुणी सांगत असेल तर एअर फिल्टर, चेन आणि टायरमधली हवा आधी तपासावी. दुसरी तक्रार जुन्या गाड्यांतल्या रबरी नळ्या, वॉशर आणि टाकीतल्या गंजाची आहे. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. त्यामुळे रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला त्याचा त्रास अधिक. पंधरा-वीस वर्षं जुन्या गाड्यांचं दीर्घकाळात काय होतं, यावर सरकार आणि वाहनधारक यांचं एकमत झालेलं नाही. मिश्रण नसलेलं साधं पेट्रोल निवडण्याची सोय ग्राहकाला असावी का, हाही वाद तसाच उभा आहे.

विजेची दुचाकी हा तिसरा रस्ता. २०२४ च्या फेब्रुवारीत लूना विजेवर परत आली. दोन किलोवॅट-तासाची बॅटरी आणि एका चार्जमध्ये ११० किलोमीटरचा कंपनीचा दावा. दुकानातून घरपोच माल देणाऱ्यासाठी ती उत्तम आहे, याबद्दल फारसं दुमत नाही. प्रश्न वस्तीवरच्या माणसाचा आहे. घर शेतात आणि वीज शेतीच्या वाहिनीवरून असेल तर पुरवठ्याच्या वेळापत्रकाप्रमाणे चार्जिंग करावं लागतं आणि पहाटे चारला गाडी भरलेली असेल याची खात्री नसते. बॅटरी बदलायच्या खर्चाची धास्तीही आहे. सीएनजीवरची मोटारसायकलही २०२४ साली आली, पण तिचा विचार गॅसचा पंप रोजच्या वाटेवर असलेल्यांनीच करावा.

कीर्दीपासून कळफलकापर्यंत

हिशेबाच्या यंत्राची कहाणी वहीपासून सुरू होते. लाल कापडाच्या बांधणीची कीर्द, खतावणी आणि रोजमेळ. लक्ष्मीपूजनाला तिची पूजा होते आणि दिवाणजी ती कुणाला दाखवत नाही. नगरच्या आडते बाजारात आणि दाळ मंडईत ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या पक्की होती. संगणक आला तो आधी सहकारी साखर कारखाने, दूध संघ आणि पतसंस्था यांच्या दारानं. तालुक्याच्या गावी डीटीपीची दुकानं निघाली आणि लग्नपत्रिका ‘श्री-लिपी’त किंवा सी-डॅकच्या ‘योगेश’, ‘सुरेख’ या टंकांत छापल्या जाऊ लागल्या. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटीनं खेड्यातल्या मुलामुलींचा हात कळफलकावर आणला. त्यांतले बरेच जण पुढे दुकानांतून टॅली लिहायला बसले.

छोट्या व्यापाऱ्याला संगणकाकडे खरं ढकललं ते करांनी. १ एप्रिल २००५ ला राज्यात व्हॅट आला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी. त्याआधी नोटाबंदीनं आणि यूपीआयनं गल्ल्याची सवय बदलली होती. मागून कागदावर जुळवता येणारा हिशेब आता महिन्याच्या किंवा तिमाहीच्या ठरलेल्या तारखेला जुळवावा लागू लागला.

हिशेब कशात ठेवावा?

इथे चार प्रकारची मतं ऐकू येतात. पहिलं वहीचं. ज्याची उलाढाल ४० लाखांच्या आत आहे आणि जो फक्त माल विकतो, त्याला जीएसटीची नोंदणी सहसा सक्तीची नाही. दीड कोटीपर्यंत उलाढाल असणाऱ्याला कंपोझिशन योजनेत कमी दरानं, कमी कागदपत्रांत कर भरता येतो. अशा माणसानं वही सोडावी कशासाठी? वहीला वीज लागत नाही, ती हॅक होत नाही आणि उधारीच्या वादात ग्राहकाची सही तिच्यावर असते. हे मत हसण्यावारी नेण्यासारखं नाही. वहीची उणीव एवढीच की आठ महिन्यांपूर्वी कुठल्या औषधाच्या किती बाटल्या गेल्या, हे त्यातून चटकन निघत नाही.

दुसरं मत मोबाइलच्या ॲपचं. उधारीची नोंद, ग्राहकाला आपोआप जाणारा संदेश, बिलाची पीडीएफ. तरुण दुकानदारांना हे आवडतं. मराठीत बोलून टाइप होतं, ही मोठी सोय. पण फोन हरवला किंवा सिम बदललं की नोंदी परत मिळवण्याची पद्धत बहुतेकांना ठाऊक नसते. आज फुकट असलेलं ॲप उद्या पैसे मागेल, ही भीतीही खोटी नाही.

तिसरं मत टॅलीचं किंवा तसल्या पूर्ण सॉफ्टवेअरचं. १९८६ पासून चालत आलेलं टॅली येणारा माणूस प्रत्येक तालुक्यात मिळतो. हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे, वैशिष्ट्यांच्या यादीपेक्षाही मोठा. साठा, येणी-देणी, बॅंकेचा ताळमेळ आणि कराची विवरणपत्रं सगळं एका जागी. याउलट परवान्याचा खर्च, दरवर्षीचं नूतनीकरण आणि शिकण्याचा वेळ. चौथं मत म्हणजे ‘आपण धंदा करावा, हिशेब बाहेर द्यावा’. दुकानदार बिलांची पिशवी महिन्याला कर सल्लागाराकडे पोचवतो आणि रिटर्न भरलं जातं. जिल्ह्यातल्या छोट्या दुकानांत सर्वांत रूढ पद्धत हीच दिसते.

२२ सप्टेंबर २०२५ ला या चारही पद्धतींची एकाच दिवशी परीक्षा झाली. जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंवरून गेले आणि साबणापासून ट्रॅक्टरच्या टायरपर्यंत दर बदलले. साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा करही २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणजे या लेखातली दोन्ही यंत्रं एका तारखेत सापडली. वहीवाल्यानं नवा भाव लिहिला आणि काम झालं. टॅलीवाल्याला शेकडो वस्तूंचे दर बदलावे लागले, पण ज्याला ते स्वतः जमत होतं त्याचं काम संध्याकाळपर्यंत आटोपलं. अडले ते ज्यांच्या सॉफ्टवेअरचा पासवर्ड दुसऱ्याकडे होता. जिल्ह्याचं नाव २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अधिकृतपणे बदललं तेव्हाही बिलावरचा पत्ता दुरुस्त करायला हीच मंडळी दुसऱ्याची वाट पाहत होती.

मला यातून एकच ठाम गोष्ट दिसते. हिशेब कुणीही लिहो, त्याची चावी दुकानदाराकडे असली पाहिजे. जीएसटी पोर्टलचा पासवर्ड, नोंदणीला जोडलेला मोबाइल क्रमांक आणि डेटाची दर आठवड्याची प्रत या तीन गोष्टी मालकाच्या ताब्यात असतील, तर चारांपैकी कुठलीही पद्धत चालते. नसतील तर सर्वांत महाग पद्धतही एक दिवस त्याला अडवून धरते.

यंत्र कोणतं घ्यावं, यावर मतभेद कमी आहेत. वीज जाते म्हणून टेबलावरच्या संगणकापेक्षा लॅपटॉप बरा, आणि नव्यापेक्षा कंपन्यांनी वापरून काढलेला दुरुस्त लॅपटॉप स्वस्त. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि बरेच जुने लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. लिनक्स फुकट आणि हलकं आहे, मात्र टॅली त्यावर थेट चालत नाही. म्हणून सल्ला देणारे लिनक्सचं नाव घेतात आणि दुकानदार विंडोजवरच राहतो.

दूध केंद्र: दोन्ही यंत्रं एका दारात

हे दोन्ही प्रश्न एकत्र पाहायचे असतील तर दूध संकलन केंद्रावर जावं. कॅन उतरतात ते दुचाकीवरून आणि फॅट, एसएनएफ आणि वजन जातं ते थेट संगणकात. छापील पावती हातात पडल्यामुळे मापाबद्दलचे वाद कमी झाले, असं म्हणणारे उत्पादक भेटतात. यंत्राचं प्रमाणीकरण कधी झालं हे आम्हाला कळत नाही, असं म्हणणारेही भेटतात. दोघांचीही बाजू रास्त आहे. २०२४ च्या जानेवारीपासून राज्यानं गायीच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान दिलं. त्यासाठी जनावराच्या कानाला टॅग आणि बॅंक खात्याला आधार जोडलेलं हवं होतं, आणि सगळी माहिती ऑनलाइन भरावी लागत होती. दूध घातलेलं असूनही नोंद अपुरी असेल तर पैसे अडत. माहिती भरणारा पोरगा हुशार आहे की नाही, यावर एका गावाचं अनुदान ठरू लागलं. गावोगावच्या विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणातही हाच धडा आहे. केंद्रानं २०२२ च्या जूनमध्ये ६३,००० सोसायट्यांसाठी २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. यंत्र आणि सॉफ्टवेअर त्यात मिळतं, पण जुन्या खतावण्या भरायच्या असतात त्या सचिवालाच.

काय सुटलेलं नाही

दुरुस्तीचा हक्क हा या सगळ्यातला सर्वांत मोठा उघडा प्रश्न आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ च्या जुलैमध्ये त्यासाठी समिती नेमली आणि शेती अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं ठरवली. पण गॅरेजच्या कारागिराला कंपनीचा तपासणीचा स्कॅनर आणि दुरुस्तीची पुस्तिका वाजवी दरात मिळायलाच हवी, असं सांगणारा कायदा झालेला नाही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरबद्दल तर तसा विचारही सुरू झालेला नाही. दुकानदाराला एक ॲप सोडून दुसऱ्याकडे जायचं असेल तर त्याच्या नोंदी कुठल्या स्वरूपात मिळाव्यात, याचा एकसमान नियम नाही.

दुसरा प्रश्न सेकंड हँड बाजाराचा. छोटा धंदेवाला गाडीही जुनी घेतो आणि लॅपटॉपही. आता बीएस-६ च्या पहिल्या गाड्या पाच-सहा वर्षांच्या होऊन त्या बाजारात येत आहेत. किलोमीटरचा आकडा फिरवलेला असू शकतो, पण बिघाडांची नोंद गाडीच्या संगणकात साठलेली असते. ती विकत घेणाऱ्याला वाचता आली, तर हा व्यवहार बराच स्वच्छ होईल.

तिसरा प्रश्न यूपीआयचा. २०२५ च्या जुलैमध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या विक्रेत्यांना कराच्या नोटिसा गेल्या आणि बेंगळुरूत काहींनी क्यूआर कोड काढून टाकले. नगरच्या भाजीवाल्यांपर्यंत ती बातमी पोचली. करमुक्त भाजी किंवा दूध विकणाऱ्याला भीतीचं कारण नाही, हे त्याला समजेल अशा मराठीत आणि त्याच्या बाजारात येऊन सांगणारी व्यवस्था अजून उभी राहिलेली नाही. ते काम सध्या कर सल्लागार आणि व्यापारी संघटना आपापल्या परीनं करत आहेत.

दुरुस्ती किती सोपी आहे, याचा निर्देशांक वस्तूवर छापावा यासाठी नेमलेल्या दुसऱ्या समितीनं २०२५ च्या मे महिन्यात अहवाल दिला. त्यात सुरुवात मोबाइल आणि टॅब्लेटपासून आहे. दुचाकींचा क्रम त्यानंतर कधी लागेल, हे ठरायचं आहे.